भैरवीनंतरचं गाणं

बाळारामबुवांच्या पंच्याहत्तरीची बातमी आली तेव्हा कमळ ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. सून भावना मोबाइल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आई, शहापूरला बुवांचा सत्कार हाय. जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय. गाणं झालं की बुवा त्याचा राग सांगणार. आपल्या शेणव्याच्या भजनी मंडळाला पन एक गाणं दिलंय. तुमी गाल का?"

कमळच्या हातातली शेंग हातातच राहिली. तेहतीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो असा वालाच्या सालपटांत येऊन पडेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"गाईन की," ती म्हणाली, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली की भावनाला कौतुक वाटलं. बिचारीला लग्न होऊन पाचच वर्षं झाली होती. सासूचा आवाज नेमका कधी गोड होतो, हे कळायला एवढा काळ पुरत नाही.

तशी कमळ वाईट बाई नव्हे. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली भाकरी तिच्या घरून जायची. शेजारणीची म्हैस तिच्या वालात घुसली तरी ती शिव्या म्हशीला द्यायची, शेजारणीला नाही. पण एका माणसाच्या बाबतीत तिच्या पोटात जो विस्तव होता, त्यावर ती रोज राख सारायची आणि रोज फुंकरही घालायची. 'जाऊ दे, देव बघून घेईल' असं लोक म्हणतात. कमळचं म्हणणं असं, की देवाला काय कामं थोडी आहेत? आपलं आपण बघावं.

या विस्तवाची गोष्ट मुरबाडची. कमळचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. घरात रेडिओ होता आणि बाप भजनात पेटी वाजवायचा, म्हणून गाणं तिच्या कानात लहानपणीच शिरलं. सिनेमे मात्र तिनं पाहिलेच नव्हते. त्यामुळे तिनं गाण्यांना आपली नावं ठेवली होती. जे गाणं पहिल्यांदा जे काम करताना ऐकलं, त्या कामाचं ते गाणं. एक दिवेलागणीचं, एक पेजेचं, एक पाठवणीचं. ते पाठवणीचं तिनं चुलतबहिणीच्या लग्नात लाउडस्पीकरवर ऐकलं होतं, वरात निघता निघता. आणि तिचं सगळ्यात लाडकं होतं उफणणीचं. खळ्यात सुपातून भात उफणताना ते घरातल्या रेडिओवर लागलं, आणि कमळ सूप वर धरून तशीच उभी राहिली. वारा होता तोवर उफणून घ्यायचं असतं. वारा गेला, आईनं पाठीत धपाटा घातला, पण गाणं आत गेलं ते गेलंच.

विसाव्या वर्षी बापानं तिला बाळारामबुवांकडे घातलं. बुवा तेव्हा चाळिशीचे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते मुरबाडच्या एका देवळामागच्या खोलीत शिकवायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "येतं ते गा." कमळनं दिवेलागणीचं गायलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "कुठून आलंय हे, ठाऊक आहे?" कमळ म्हणाली, "रेडिओतून." बुवा हसले. त्यांनी पेटीवर सूर धरला, म्हणाले, हा यमन, आणि एक जुनी बंदिश सुरू केली. शब्द वेगळे, चाल वेगळी, ठेका वेगळा. पण तिसऱ्या ओळीला कमळच्या अंगावर काटा आला. दिवेलागणीचं गाणं आतून डोकावत होतं! तोच चढा मध्यम, तेच निषादावरून ऋषभाकडे जाणं. एकाच पिठाची भाकरी आणि एकाच पिठाचे घावन.

त्या दिवसापासून कमळला वेडच लागलं. रेडिओवर गाणं लागलं की ती त्याच्या मुळाशी जायची. हे पेजेचं, हे तर भूप निघालं! आणि हे उफणणीचं, कोमल गंधार, कोमल निषाद, दुपार कलताना मनात येणारी ती उगाचची हुरहूर, हा भीमपलास! एवढी मोठमोठी गाणी, मुंबईत बसून कुणी कुणी बांधलेली, आणि त्यांची मुळं आपल्याला दिसतात, या आनंदानं ती एस.टी.त एकटीच हसायची. खोटं कशाला बोला, बुवा शिकवायचे फार चांगलं. त्यांचा कान देवाचा होता. मन मात्र देवाचं नव्हतं. दुसऱ्या कुणासाठी टाळी पडली की त्यांच्या पोटात दुखायचं.

ब्याण्णव सालच्या माघात मुरबाडला गणपतीचा उत्सव होता. दुपारी तीनला गाण्याचा कार्यक्रम, आणि ऐकायला मुंबईहून रेडिओवरचे एक साहेब येणार होते. एखादा आवाज आवडला तर पुढं बोलावणार होते. कमळ उफणणीचं गाणं गाणार, आधी त्याच रागातली छोटी बंदिश. सकाळी देवळाच्या ओट्यावर तालीम झाली. अंतऱ्यात वरच्या षड्जावर थांबायचं होतं. कमळ पंचमावरून निघाली, निषादाला हात लावला आणि वरच्या सा वर जाऊन अशी उभी राहिली, की फुलंवाली हार ओवायची थांबली आणि चहावाला किटली तिरपी धरून बघत राहिला. चहा सांडला तेव्हा तो भानावर आला. बुवांची पेटीवरची बोटंही थांबली होती. ते फक्त एवढंच म्हणाले, "बरं आहे."

दुपारी क्रम बदलला. 'गुरूनं आधी गावं' म्हणत बुवा स्वतः आधी बसले. तासभर गायले, चांगलं गायले. आणि मग एक बारीक आलाप घेऊन त्यांनी भैरवी सुरू केली. कमळ शेजारी तंबोरा धरून बसली होती. तिला वाटलं, गुरुजी रंगात आलेत. भैरवी संपली, टाळ्या पडल्या, आणि बुवांनी पेटीचा भाता लावून टाकला. साहेब घड्याळ बघत उठले.

"बुवा, माझं गाणं?" कमळनं विचारलं.

बुवांनी वळून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भैरवी झाली, कमळ. भैरवीनंतर गात नसतात. एवढं पण नाय शिकलीस?"

लोक हसले. दुसऱ्या रांगेत तिचा बाप इस्त्रीची टोपी घालून बसला होता. सगळे हसले म्हणून तोही हसला, आणि मग त्याला कळलं आपण कशाला हसलो. परतीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत बसला होता. गाव आल्यावर म्हणाला, "नियम हाय तर हाय, पोरी." घरी जाऊन त्यानं आपली पेटी धडप्यात बांधून माळ्यावर टाकली. तो गेला तेव्हाही ती तिथंच होती.

त्याच वैशाखात कमळ लग्न होऊन शेणव्याला आली. नवरा भला होता, पण त्याला गाणं आणि भाताच्या गिरणीचा आवाज यांत फार फरक वाटत नसे. साहेबांनी बोलावलं असतं की नसतं, कोण जाणे. पण न बोलावणं वेगळं आणि त्यांना ऐकूच न देणं वेगळं. पुढं पोरं झाली, शेती झाली, आणि कमळनं बाकी सगळं सोडलं तरी बुवांचा तो नियम सोडला नाही. का सोडला नाही? कारण नियम खरा असेल तरच तिच्या दुःखाला काही अर्थ होता. नियमानं आपलं गाणं गेलं, असं निदान म्हणता तरी यायचं. भजनी मंडळात भैरवीतला अभंग झाला की कमळ टाळ खाली ठेवायची. मग कुणी कितीही आग्रह करो. भावना नवीन होती तेव्हा भैरवीनंतर सहज काही गुणगुणली, तर कमळ तिच्यावर अशी खेकसली की पोरगी रडायला आली.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, की ती कुणाला ठाऊकच नव्हती. सकाळी रेडिओवर पहिलंच गाणं भैरवीतलं लागलं, तर कमळचा दिवसभराचा गळा बंद. त्या दिवशी भाकरी थापताना नाही, भाताची लावणी करताना नाही, नातवाला निजवतानाही नाही. जुन्या सिनेमांत भैरवीतली गाणी किती आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं हिशेब करावा, तेहतीस वर्षांत या बाईचे किती दिवस मुके गेले असतील.

असो. आता बुवा पंच्याहत्तरचे झाले होते. मुरबाड सोडून त्यांनी शहापूरला घर केलं होतं, आणि 'गाण्याचा राग सांगणारे बुवा' म्हणून खर्डीपासून वाशिंदपर्यंत नाव कमावलं होतं. सत्काराचं सगळं दिपेश बघत होता. वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला असलेला हा गडी रविवारी जुन्या गाण्यांच्या मंडळाचा कारभार बघायचा. त्याच्या ग्रुपवर बुवांनी स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. भावनानं तो सासूला ऐकवला.

"सर्व गायकांना सूचना. शेवटी माझं गायन आहे. भैरवी मीच म्हणणार. त्याआधी कोणीही भैरवीतलं गाणं घेऊ नये. भैरवी झाली की मैफल संपते, हे लक्षात असावं."

"परत लाव," कमळ म्हणाली. भावनानं परत लावलं. कमळनं तो निरोप चार वेळा ऐकला, आणि चौथ्या वेळी ती हसली. माणसाला आपल्याच गळ्यात फास घालून हवा असेल, तर आपण फक्त दोरी ओढायची असते.

तिनं यादीत दिवेलागणीचं गाणं लिहून दिलं, राग यमन. बुवांनी ग्रुपवर त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला. मग तिनं दिपेशला फोन केला. "दादा, आमी लांबून येनार. आमाला शेवटाला ठेव, बुवांच्या आधी." दिपेश म्हणाला, "चालेल, काकी." एवढं सोपं होतं सगळं.

मंडळाच्या बायकांसमोर ती यमन गायची. आणि उन्हं कलली की वालाच्या वावरात जाऊन पाठवणीचं गाणं म्हणायची. ते गाणं भैरवीतलं. नियम पक्का असल्यामुळे ते ती सगळ्यात शेवटी म्हणायची आणि मग तोंड मिटून घरी यायची. बदला घ्यायचा तोही नियमात बसून, अशी ही बाई.

रविवारी दुपारी दोनला शहापूरचा हॉल भरला. बुवा रेशमी झब्बा घालून स्टेजवर एका बाजूला कोचावर बसले होते, पुढ्यात माइक. मांडीवर शाल. कमळ पाया पडायला गेली नाही, पण समोरून जाताना बुवांनीच हाक मारली.

"तू मुरबाडची ना गो? माझ्याकडे यायचीस. गायचीस पण वाटतं थोडंफार."

थोडंफार! माणसानं खून करावा आणि वर विचारावं, की तुम्ही हल्ली दिसत नाही कुठं!

"हो बुवा," ती म्हणाली. "थोडंफार."

कार्यक्रम रंगला, हे मान्य करायला पाहिजे. एकेक जण येऊन गायचा. गाणं संपलं की दिपेश म्हणायचा, "बुवा, राग सांगा," आणि सगळा हॉल बुवांकडे बघायचा. बुवा क्षणभर थांबून म्हणायचे, "हा बागेश्री," किंवा "हा पहाडी, पण मधे पाहुणा आलाय, ओळखा." मग ते दोन ओळींची बंदिश गाऊन दाखवायचे, आणि सिनेमाच्या गाण्याची आई कोण ते कळल्यासारखे लोक 'अरे!' म्हणायचे. आवाज थकला होता, पण जागा अजून नेमक्या पडत होत्या. एका ठिकाणी तर कमळची मान आपोआप डोलली. तिला स्वतःच्या मानेचा इतका राग आला की तिनं पदर गळ्याभोवती घट्ट आवळून घेतला.

मग दिपेशनं शेणव्याचं नाव पुकारलं. कमळ माइकसमोर बसली. पेटीवर भावना, तबल्यावर सुनिल, बुवांचा नेहमीचा साथीदार.

"दिवेलागणीचं..." भावना कुजबुजली आणि यमनाचा सूर धरायला लागली.

"थांब," कमळ म्हणाली. "पाठवणीचं. पट्टी काळी चार."

भावनानं चमकून बघितलं, पण सासूची नजर बघून तिनं मुकाट्यानं सूर धरला. कमळनं डोळे मिटले आणि कोमल ऋषभावरून अगदी हळू, पाय न वाजवता घरात शिरावं तशी, भैरवीत शिरली.

लोकांना काय, लोकांना गाणं हवं होतं. पहिली ओळ ओळखीची निघाली म्हणून टाळ्या पडल्या. पण सुनिलचा हात डग्ग्यावर अडखळला. त्यानं बुवांकडे बघितलं. बुवांच्या बोटांनी शाल पकडली होती. कमळनं एक डोळा किलकिला करून ते बघून घेतलं, आणि मग ती जी गायली! एकेक कोमल सूर तिनं बुवांच्या दिशेनं असा सोडला, की जणू दाराला एकेक कडी लागत होती. ऋषभ, गंधार, धैवत, निषाद. लागली कडी, लागली दुसरी. आता बसा आत.

गाणं संपलं. हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस. दिपेशच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसत होता, यादीत तर दुसरंच गाणं होतं. पण सवयीनं तो बोलून गेलाच, "बुवा, राग सांगा."

बुवांनी मांडीवरची शाल सारखी केली. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. तेहतीस वर्षांनी हा दिवस आला होता, आणि कमळला तो चांगला चवीनं खायचा होता. ती माइकवर म्हणाली, "सांगा ना बुवा. तुमाला तर पयल्या सुरालाच कळलं असंल."

"भैरवी," बुवा म्हणाले.

"हां. भैरवी. आन भैरवीनंतर गात नसतात. तुमीच शिकवलंत मला, मुरबाडला. ब्याण्णव साली." तिनं पदर सावरला. "मग झाला का आता कार्यक्रम?"

हॉलमध्ये कुजबुज उठली. पहिल्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कमळनं मनात हिशेब मांडला. आता हा माणूस पेटी मिटणार, सत्काराच्या दिवशी न गाता घरी जाणार, आणि आयुष्यभर त्याला हे आठवणार.

आणि बुवा हसले. आधी थोडं, मग मोकळं.

"अगं वेडे," ते माइकवर म्हणाले, "ते एवढं मनाला लावून बसलीस? भैरवी ही सकाळची रागिणी. लोक तिनं दिवस सुरू करतात! शेवटी गातात ती एक रीत आहे, कायदा नाही. नियम माणसानं केला, माणसानं मोडला. सुनिल, लाव रे तबला." आणि लोकांकडे बघून हात जोडले. "आमची जुनी शिष्या आहे. फार छान गायली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "व्वा! मन किती मोठं!" बुवा गायला बसले.

कमळ खाली येऊन खुर्चीत बसली. रीत आहे, कायदा नाही. म्हणजे त्या दिवशी साहेब बसू शकले असते. म्हणजे बाप टोपी सरळ करून ऐकू शकला असता. नियम हाय तर हाय, पोरी, असं म्हणून तो माणूस पेटी माळ्यावर टाकून मेला, आणि नियम नव्हताच! ती सकाळी रेडिओ ऐकून दिवसभर तोंड मिटून राहिली, पोरांना गाण्याशिवाय निजवलं, आणि ज्यानं कुलूप लावलं त्याच्या खिशात किल्ली कायमचीच होती. तिला कळलं, की ती ज्या रागानं आज इथं आली होती तो राग लहान होता. खरा राग आत्ता आला.

भावना तिच्या कानाशी लागली. "आई, घरी जायचं का?"

"नाय," कमळ म्हणाली. "होऊ दे त्यांचं."

बुवा अर्धा तास गायले. शेवटी आपली भैरवी म्हणाले. लोक उभे राहिले, हार पडले, श्रीफळ आलं, दिपेश आभार मानायला लागला. खुर्च्या वाजायला लागल्या, तेव्हा कमळ स्टेजवर चढली आणि तिनं दिपेशच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, पण त्यानं दिला असंही म्हणता येणार नाही.

"बसा," ती म्हणाली. "माजं एक गाणं ऱ्हायलंय."

"काकी, भैरवी झाली ना..." दिपेश पुटपुटला.

"नियम मानसानं केला, मानसानं मोडला. बुवा बोलले ना आत्ता? सगळ्यांनी ऐकलं." ती खाली बसली. "बुवा, बसा तुमी पन. हे तुमचंच हाय."

खुर्च्यांतून अर्धवट उठलेली माणसं परत टेकली. बुवा गळ्यात चार हार घालून कोचावर बसले. दुसरं काय करणार? कमळ भावनाला म्हणाली, "काळी चारच. तू फक्त सूर धर." तबला तिनं मागितला नाही.

उफणणीचं गाणं. तेहतीस वर्षांत तिनं ते एकदाही म्हटलं नव्हतं, भैरवी नसलेल्या दिवशीसुद्धा नाही. पण गाणं काही गंजलं नव्हतं. दुपार कलली होती, हॉलच्या खिडक्यांतून तिरपं ऊन आत आलं होतं, आणि भीमपलास आपल्या वेळेला आपल्या जागी येऊन बसला. पहिल्या ओळीलाच खुर्च्या वाजायच्या थांबल्या. तिच्या आवाजात आता धार नव्हती, थोडी माती होती, पण त्या मातीलाही वास होता. अंतरा आला. कमळ पंचमावर आली. बुवांनी मान वर केली. त्यांना ठाऊक होतं पुढं काय आहे. निषादाला हात लावून ती वरच्या षड्जाकडे निघाली.

आणि आवाज फुटला.

तिला तो झाकता आला असता. खोकून, हसून, किंवा खालच्या सुरावर येऊन. पट्टीचे गवई असंच झाकतात. तिनं झाकला नाही. तिनं तो फुटका सूर तसाच धरला, चिरकत, थरथरत, श्वास संपेपर्यंत. आणि धरला असताना तिनं डोळे उघडे ठेवले होते, बुवांवर रोखलेले. मग खाली येऊन गाणं पुरं केलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईचं वय, एवढी हिंमत, म्हणून वाजवल्या. बुवांनी नाही वाजवल्या.

"बुवा," कमळ म्हणाली, "राग सांगा."

"भीमपलास." बुवांच्या समोरचा माइक अजून चालूच होता.

"आन वरचा सा?"

मन कसंही असलं तरी कान देवाचा होता, आणि देवाच्या कानाला सुराच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही.

"नाय लागला," ते म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी लागला व्हता. देवळाच्या ओट्यावर. तुमी ऐकला व्हता. म्हनून तर दुपारी तुमी आधी बसलात." कमळचा आवाज चढला नाही. "ऐकला व्हता का नाय, एवढंच सांगा. मंग मी जाते."

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवले. सुनिल तबल्यावरून नजर उचलत नव्हता. बुवांनी गळ्यातले हार एकेक करून काढायला सुरुवात केली. एक काढला, दुसरा काढला, तिसरा कानात अडकला. कुणी मदतीला पुढं आलं नाही.

"ऐकला होता," बुवा म्हणाले. "तसा सा... मी परत ऐकला नाय कुठं."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कमळनं माइक खाली ठेवला, पेटीचा भाता स्वतःच्या हातानं लावला, आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली. बुवांच्या पायांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

रिक्षात भावना हळूच म्हणाली, "आई, माफ केलंत का त्यांना?"

"कशाला?" कमळ म्हणाली. "माफ करायला मी काय देवळातली मूर्ती हाय? त्याला आता झोप लागनार नाय. मला लागंल."

थोडं पुढं गेल्यावर तिनं रिक्षावाल्याला त्याचा टेप बंद करायला सांगितला, पदर कंबरेला खोचला आणि गायला लागली. आवाज बसला होता, वरचे सूर लागत नव्हते, भावना लाजून बाहेर बघत होती. शेणवा येईपर्यंत कमळची चार गाणी झाली, आणि त्यातलं पहिलं भैरवीतलं होतं.